शिष्यवृत्तीचा करार आणि शुल्काची पावती

बडोद्यात आता वर्षातून अनेकदा परदेशी विद्यापीठांचे मेळावे भरतात. एखाद्या मोठ्या हॉटेलचे सभागृह घेतलेले असते. टेबलांमागे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, कॅनडा येथील विद्यापीठांचे प्रतिनिधी बसतात, त्यांच्या पुढ्यात गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके असतात, आणि समोर गुणपत्रिकांची फाईल घेतलेला मुलगा किंवा मुलगी व त्यांच्यामागे किंचित अवघडून उभे असलेले आईवडील. बोलणे शुल्क, कर्ज, व्हिसा आणि शिक्षणानंतर तिकडे किती काळ नोकरी करता येईल, या चार गोष्टींभोवती फिरते. कोणता विषय कोण शिकवतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. शिकून झाल्यावर या मुलाचे त्याच्या स्वतःच्या देशात काय स्थान असेल, हा प्रश्न तर त्या सभागृहात कोणी उच्चारतही नाही. विद्यापीठाला तो विचारण्याचे कारण नाही, आणि देशाचा प्रतिनिधी तेथे हजर नसतो.

याच शहरातून एक काळ विद्यार्थी परदेशी जात, तेव्हा देशाचा म्हणजे त्या वेळच्या संस्थानाचा प्रतिनिधी हजर असे. करारपत्रावर त्याचीही सही होत असे. तो इतिहास आपल्या वाचकांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. आजच्या मेळाव्यांच्या शेजारी ठेवून तो पुन्हा वाचावा, एवढ्यासाठी हा लेख.

श्रीमंत सयाजीराव महाराज १८७५ मध्ये गादीवर आले. १८८१ मध्ये बडोदा कॉलेज, १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली कलाभवन, १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण, हा क्रम आपल्याला पाठ आहे. त्याच धोरणाचा एक धागा विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्याचा होता. ज्यांच्या घरी श्रीअरविंद काही काळ राहिले म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो, ते खासेराव जाधव इंग्लंडमध्ये शेतीशास्त्र शिकून आले होते. मात्र केवळ विद्यार्थी पाठवून महाराज थांबले नाहीत. १९०६ च्या अमेरिकेच्या प्रवासात तेथील ग्रंथालये पाहिल्यावर त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच येथे आणले. बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले व येथील माणसे तयार करून ते मायदेशी गेले. विद्या घेण्यासाठी माणूस पाठवायचा आणि विद्या देणारा माणूस बोलवायचा, असे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू होते. जपानने मेइजी काळात नेमके हेच केले. फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराने बडोदे सरकारशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळणार, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घ्यावयाचे, आणि परतल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करावयाची, अशा अटी होत्या. आम्ही सारी हयात सरकारी कागदांत घालविली असल्यामुळे या कराराकडे आमचे लक्ष थोड्या वेगळ्या अंगाने जाते. करार स्वच्छ आहे. पैसा कोणाचा, मुदत किती, बदल्यात काय, हे सर्व त्यात आहे. आजच्या बंधपत्रांप्रमाणे यातही एक गृहीतक मात्र न लिहिता सोडलेले होते : परत येणाऱ्या माणसाला उभे राहण्यास जागा मिळेल, हे.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे, पण ते क्रमाने सांगितले पाहिजे. १९१५ मध्ये कोलंबियाची एम.ए. पदवी मिळवून आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये तेथील अभ्यास अर्धवट टाकून ते परतले, आणि कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीस हजर झाले. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दाराशी आले व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी विचारणा केली. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईच्या रात्रीच्या गाडीला अवकाश होता. तो वेळ त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असेही ते तेथे सांगतात. बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

दहा वर्षांचा करार असा काही दिवसांत संपला. महाराजांच्या हेतूत खोट होती असे कोणी म्हणणार नाही. पण शिष्यवृत्ती महाराजांची होती, आणि घरे नागरिकांची. त्या नागरिकांत आमचे-तुमचे पणजोबाही होते, हे आपल्या वर्तुळात फारसे बोलले जात नाही. दांडिया बाजार, रावपुरा येथील वाड्यांत त्या वर्षी खोल्या नव्हत्या असे मानण्यास आम्ही तयार नाही.

बडोद्याने गमावले ते देशाने मात्र गमावले नाही. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून केलेली बचत आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांसह इतरांची मदत यांच्या बळावर आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल त्यांना डी.एस्सी. मिळाली, आणि हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी त्याच विषयावर साक्ष दिली. दुसऱ्या खेपेस त्यांच्या डोक्यावर बडोद्यासारखे दहा वर्षांचे बंधन नव्हते, तरी ते परत आले. सेवेच्या अटीने माणूस परत येतो, या समजुतीकडे आम्ही तेव्हापासून थोड्या संशयाने पाहतो. आमच्या नोकरीच्या काळात ग्रामीण सेवेची बंधपत्रे लिहून देणारे डॉक्टर पुष्कळ पाहिले. ज्यांना ऐपत होती ते रक्कम भरून मोकळे होत. बंधपत्राने तिजोरीत पैसे आले, दवाखान्यात डॉक्टर आला नाही.

परतलेल्याला घरानेच परके करावे, हे केवळ आपल्याकडे घडले असेही नाही. येल विद्यापीठातून १८५४ मध्ये पदवीधर झालेल्या यंग विंग या चिनी गृहस्थाच्या प्रयत्नाने चीन सरकारने १८७२ पासून १२० मुले अमेरिकेत शिकण्यास पाठविली. ती तेथे बेसबॉल खेळू लागली, काहींनी शेंड्या कापल्या, काही चर्चमध्ये जाऊ लागली, अशा वार्ता पेकिंगला पोचल्या आणि १८८१ मध्ये सर्वांना शिक्षण अपुरे टाकून माघारी बोलावण्यात आले. मायदेशी त्यांना संशयाने वागवले गेले. यांतीलच एक, येलमधून पदवी घेऊन आलेला जान त्येनयू, याने १९०५ ते १९०९ या काळात पेकिंगपासून कालगनपर्यंतचा रेल्वेमार्ग चिनी अभियंत्यांच्या बळावर बांधून दाखविला. म्हणजे मधली वीसेक वर्षे त्या विद्येचा देशाला मिळावा तेवढा उपयोग झाला नाही.

येथवर पाठविणाऱ्यांची बाजू झाली. बोलावणाऱ्यांचा हेतू काय होता? १९०६ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड जेम्स यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना एक टिपण पाठविले. चिनी तरुणांना शिकविण्यात जे राष्ट्र यशस्वी होईल, त्याला नैतिक, बौद्धिक आणि व्यापारी प्रभावाच्या रूपाने त्या खर्चाची भरपूर परतफेड होईल, असा त्याचा मथितार्थ. १९०८ मध्ये बॉक्सर बंडाच्या खंडणीतील जादा रक्कम चीनला परत देण्याचे अमेरिकेने ठरविले. त्यातून १९०९ पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि १९११ मध्ये अमेरिकेस जाणाऱ्यांची पूर्वतयारी करून घेणारी छिंगह्वा शाळा निघाली. तीच आज चीनमधील अग्रगण्य विद्यापीठांपैकी एक आहे. चीनच्याच पैशाने चीनच्या मुलांना बोलावण्याची ही युक्ती चतुर होती. तरीही जेम्स यांच्या हिशेबात विद्यार्थी आपल्या देशी परत जाणार, हे गृहीत होते. परत गेला तरच त्याच्यामार्फत प्रभाव पडणार. फुलब्राइट, कोलंबो योजना यांचा पायाही हाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे गृहीतक हळूहळू बदलले. अमेरिकन विद्यापीठांतील प्रयोगशाळांना हुशार आणि कष्टाळू हात हवे होते. संशोधन-साहाय्यकाचे वेतन देऊन ते मिळू लागले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि शिकून तेथेच राहण्याचा मार्ग आशियाई तरुणांना खुला झाला. आपल्याकडे १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी निघाली होती. पुढच्या पिढ्यांतील किती पदवीधर थेट विमानतळावर गेले, हे सांगावयास नको. ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द मात्र आपल्यासाठी निर्माण झालेला नाही. १९६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेला जात असल्याबद्दल अहवाल काढला, त्या चर्चेत तो रूढ झाला. ज्यांनी दीडशे वर्षे दुसऱ्याचे नेले, त्यांनाच आपले जाताना पाहून हा शब्द सुचावा, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

कारण गळतीचा हिशेब प्रथम मांडला तो आपल्या माणसाने. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये, मल्हारराव महाराजांच्या कारकिर्दीत, याच बडोद्याचे दिवाण होते. संपत्तीच्या निःसारणाचा त्यांचा सिद्धांत शाळेच्या पुस्तकात असतो. त्यांनी दुसऱ्याही एका गळतीकडे बोट दाखविले होते, ती पुस्तकात सहसा नसते. इंग्रज अधिकारी येथे तीस वर्षे कारभार करतो, शहाणा होतो, आणि निवृत्त होऊन तो सारा अनुभव बरोबर घेऊन निघून जातो. उरलेल्या समाजाला मार्गदर्शन करणारी ज्येष्ठ, अनुभवी माणसे देशात शिल्लकच राहत नाहीत, आणि ही हानी पैशाच्या हानीहून कमी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज परदेशस्थ भारतीय वर्षाला १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडतात, तेव्हा गळती कसली, असे म्हणणारे अर्थशास्त्री आहेत, आणि पैशापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. दादाभाईंचा दुसरा मुद्दा त्याने सुटत नाही. शहरातील जुन्या संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर पन्नाशीच्या आतील माणूस शोधून पाहावा, म्हणजे तो काय म्हणत होता ते कळते.

१९७० च्या दशकात जगदीश भगवती यांनी असे सुचविले होते की, स्थलांतर करून गेलेल्या सुशिक्षितांच्या तिकडील उत्पन्नावर कर बसवावा व तो त्यांच्या मायदेशांच्या विकासासाठी वापरावा. सूचना पुष्कळ चर्चिली गेली, अमलात आली नाही.

शिष्यवृत्तीची जागा शुल्काच्या पावतीने घेतली त्याची तारीख बऱ्याच नेमकेपणाने देता येते. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांचे सरकार १९७९ मध्ये आले, आणि १९८० पासून नव्याने येणाऱ्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल होऊ लागला. तोवर त्यांच्या शिक्षणाचा भार काही अंशी ब्रिटिश करदाता उचलीत असे. मलेशियाचे हजारो विद्यार्थी तेथे असत. तेथील पंतप्रधान महाथिर यांनी १९८१ मध्ये ब्रिटिश माल शेवटी घेण्याचे धोरण जाहीर केले, त्यामागच्या कारणांत ही शुल्कवाढ होती. ऑस्ट्रेलियाने १९८५ मध्ये पूर्ण शुल्क भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना दार उघडले. एके काळी कोलंबो योजनेखाली मदत म्हणून जे दिले जाई, त्याची आता विक्री होऊ लागली. विक्री म्हटली की विक्रेता, दलाल आणि दलाली आलीच. मेळाव्यात आपल्या मुलाला फुकट सल्ला देणारा सल्लागार बहुधा विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागे रक्कम घेतो, हे पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

विक्रेत्याची गरज किती खोल आहे याचे एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये तेथील स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क २०१७ पासून वर्षाला ९,२५० पौंडांवर गोठलेले होते; २०२५ मध्ये ते ९,५३५ झाले. मधल्या काळात महागाई कोठल्या कोठे गेली. ही तूट विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांकडून भरून काढली, कारण त्यांच्या शुल्काला अशी मर्यादा नाही. म्हणजे बडोद्यातील एखाद्या निवृत्त कारकुनाने राहती जागा गहाण टाकून काढलेल्या कर्जातून लंकेशायरमधील मुलाचे शिक्षण काही अंशी चालते. सयाजीराव महाराजांच्या साडेअकरा पौंडांनी असे कोणाचे घर चालविले नव्हते.

आकडे थोडक्यात सांगतो. भारत सरकारने २०२४ साली दिलेल्या माहितीप्रमाणे सुमारे १३ लाख भारतीय विद्यार्थी परदेशांत होते. अमेरिकेत २०२४-२५ या वर्षी त्यांची संख्या सुमारे ३ लाख ६३ हजार होती, इतर कोणत्याही देशाहून अधिक. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली २०२३-२४ मध्ये केवळ शिक्षणासाठी सुमारे साडेतीन अब्ज डॉलर बाहेर गेले. आणि याच सुमारास दारे अरुंद होऊ लागली. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये अभ्यास-परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून ब्रिटनने बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर आणण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियाने २०२५ साठी २ लाख ७० हजारांचा आकडा ठरविला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. तेथील सरकारांना स्वतःच्या मतदाराला उत्तर द्यावयाचे असते, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या मुलाने तेथील दोन वर्षांच्या नोकरीवर कर्जफेडीचा हिशेब बसविला होता, त्याला मात्र आता परतावे लागेल, आणि १९१७ चा प्रश्न पुन्हा उभा राहील.

या प्रश्नाला काही देशांनी उत्तर दिले आहे. तैवानचे अमेरिकेस गेलेले बहुसंख्य अभियंते १९७० च्या दशकात परतत नसत. तेथील सरकारने त्यांच्याकडून बंधपत्रे लिहून घेण्याऐवजी १९८० मध्ये शिन्चू येथे विज्ञान-उद्यान वसविले. परत येणाऱ्यांना कारखाना काढण्यास जमीन व सवलती आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा दिल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षे काढलेले मॉरिस चँग १९८५ मध्ये तेथे आले आणि १९८७ मध्ये त्यांनी काढलेली कंपनी आज जगातील अर्धवाहक उद्योगाचा कणा आहे. आपल्याकडे परतलेल्या डॉक्टरेटधारकाला विद्यापीठात कायम जागेऐवजी अकरा महिन्यांची हंगामी नेमणूक मिळते, तीही मिळाली तर.

आपण जुन्या मराठी कुटुंबांनी या विषयावर गळा काढताना जरा जपून काढावा, असे आम्हांस वाटते. आपले पूर्वजही सातारा, पुणे, रत्नागिरी सोडूनच येथे आले. गायकवाडांच्या चाकरीतून ते कोकणात पैसे पाठवीत. घर शाकारले जाई, भावाची मुंज होई. पण त्या गावाची शाळा चालवावयास ते परत गेले नाहीत. तेथील ग्रामस्थांनी आपल्याविषयी काय म्हटले असेल, ते आज आपण आपल्या नातवंडांविषयी म्हणतो आहोत. फरक आहे तो एवढाच की, येथे आल्यावर आपण वाचनालये, शाळा, नाट्यमंडळे काढली व या भूमीचे झालो. टोरांटो आणि मेलबर्न येथील मराठी मंडळेही तेच करीत आहेत. त्यांचा आनंद मानावा की विषाद, हे आमचे अद्याप ठरलेले नाही.

आता परदेशी विद्यापीठेच इकडे येऊ लागली आहेत. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत डीकिन व वलाँगाँग या ऑस्ट्रेलियन विद्यापीठांच्या शाखा २०२४ मध्ये सुरू झाल्या. बॉर्डन बडोद्यास आले तेव्हा ते राज्याचे पगारी नोकर होते आणि त्यांनी काय करावयाचे ते राज्याने ठरविले होते. या शाखा स्वतःचा अभ्यासक्रम व स्वतःचे शुल्क घेऊन आल्या आहेत, म्हणून दोहोंची तुलना पुरती जुळत नाही. तरी मुलगा रात्री घरी जेवावयास येऊ शकेल, एवढा लाभ आहे.

बडोदे सरकारने परदेशी पाठविलेल्यांपैकी परतले किती, करार कितींनी पाळला, परतल्यावर त्यांना कोणत्या जागा मिळाल्या, आणि कोण नोकरी सोडून गेले, याची एक सलग यादी होणे अवश्य आहे. संस्थानी दफ्तर कोठीत आहे. घरोघरच्या ट्रंकांतही काही असेल. ज्या वाचकांच्या घरी पणजोबा-आजोबांचे असे करारपत्र, परदेशातून आलेली पत्रे किंवा नेमणुकीचा हुकूम असेल, त्यांनी तो मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावा. मूळ कागद ठेवून घेतला जाणार नाही. नक्कल काढून लगेच परत केला जाईल.